पिशवीच्या आधी एक नळी

मुलांच्या अतिदक्षता विभागात तिला सगळे नळीवाल्या सिस्टर म्हणतात. तोंडावर नुसतं सिस्टर, पाठ वळली की नळीवाल्या. तिला ते माहीत आहे आणि तिची काही तक्रार नाही. कारण आधीचं नाव याहून वाईट होतं. आधी तिला ‘कागद’ म्हणायचे.

त्यालाही कारण होतंच. एकतीस वर्षांच्या नोकरीत तिच्या हातून कागदाशिवाय काही झालं नव्हतं. सही नाही तर सुई नाही. डॉक्टर घाईघाईत तोंडी औषध सांगून निघाले, की ही फाईल छातीशी धरून त्यांच्यामागे जिन्यापर्यंत जायची आणि म्हणायची, सर, एवढं लिहून द्या. एका डॉक्टरांना तर तिने केस कापायच्या दुकानात गाठलं होतं. त्यांच्या मानेला कापड बांधलेलं, डोकं अर्धं भादरलेलं. तशा अवस्थेत कापडाखालून हात बाहेर काढून त्यांनी सही केली. विभागात ही गोष्ट दरवर्षी नव्या नर्सांना सांगितली जायची आणि दरवर्षी त्या डॉक्टरांचं डोकं जरा जास्तच भादरलं जायचं.

तिचे वडील शिंपी होते. माप वहीत लिहिल्याशिवाय ते कापडाला कात्री लावत नसत. शेजारचा माणूस का असेना, मागच्याच आठवड्यात माप दिलेलं का असेना, पुन्हा लिहायचे. कापड कापलं की परत जोडता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. ते तिच्या अंगात मुरलं. फरक एवढाच, की तिच्यासमोर कापड नव्हतं, तीन-तीन किलोची माणसं होती.

विभागात बारा खाटा. एका बाजूला काचेची भिंत, तिच्यापलीकडे आईबापांचा बाक. औषधांच्या कपाटाशेजारी नमुन्यांचा छोटा फ्रीज. त्याचं दार नीट लागत नसे म्हणून कडीला रबर लावलेलं. ड्यूटीवर आल्यावर सिस्टर आधी हात धुवायची, मग दारातच क्षणभर डोळे मिटून देवाचं नाव घ्यायची, आणि मग खाट एकपासून सुरुवात. मागणं एकच. आज माझ्या हातून कुणाचं वाईट होऊ देऊ नकोस.

अशा या विभागात दोन वर्षांपूर्वी धाकट्या डॉक्टर आल्या. वयाने तशा लहान नव्हत्या, पण मोठे सर होते म्हणून त्या धाकट्या. त्यांचं शिक्षण जनुकांचं. माणसाच्या शरीरात, कोण कसं घडावं आणि कसं चालावं याचा मजकूर असतो. तो आई आणि बाप दोघांकडून येतो. त्यात एखादं अक्षर चुकलं तर कधी मूल आजारी पडतं. तो मजकूर वाचायची तपासणी पूर्वीही होती, पण अहवाल यायला चार महिने लागायचे. तोवर खाटेवर दुसरंच मूल असायचं. धाकट्या डॉक्टरांनी खटपट करून पाच दिवसांत अहवाल देणाऱ्या लॅबशी बोलणं केलं आणि अधीक्षकांकडून दहा मुलांपुरती परवानगी मिळवली. मुलाचं, आईचं आणि बापाचं, तिघांचं रक्त घ्यायचं आणि शेजारीशेजारी ठेवून वाचायचं. दहा मुलांत उपयोग दिसला तर पुढे चालू, नाहीतर बंद.

मोठ्या सरांना हे पहिल्यापासून पटलं नव्हतं. सव्वीस वर्षं त्यांनी मुलं बरी केली होती. केसाएवढी शीर ते डोळे मिटून शोधत. त्यांचं म्हणणं, आजाराचं नाव कळून ताप उतरत नाही. मूल समोर आहे, त्याच्याकडे बघा, पुस्तकं नंतर वाचा.

खरं सांगायचं तर सिस्टरलाही सुरुवातीला त्यात एवढंच दिसलं, की संमतीचा आणखी एक अर्ज आला आणि तो अकरा पानी आहे. पण एके दिवशी अर्ज समजावून सांगताना धाकट्या डॉक्टर सहज बोलून गेल्या, की पुष्कळदा औषध नसतंच, पण आईबापांना एवढं तरी सांगता येतं, की यात तुमची काही चूक नव्हती.

सिस्टर तिथून उठून औषधांच्या कपाटाकडे गेली आणि उगाच बाटल्या सरळ करत राहिली. तिच्या ताईची दोन लेकरं एकामागून एक गेली होती. दोन्ही वर्षाच्या आतली, दोन्ही एकाच तऱ्हेने. सासरचे म्हणाले, हिच्या पोटातच खोट. पुढे वीस वर्षं ताईने कुणाचं मूल कडेवर घेतलं नाही. कुणी पुढे केलं तर हात मागे घ्यायची, जणू तिच्या हाताला काही लागलंय. ती गेली तीही आपणच दोषी असं धरून. तिला कुणी, कुठल्याही कागदावर, काही सांगितलं नाही.

त्या दिवसापासून अकरा पानी अर्ज सिस्टरने स्वतःकडे घेतला.

पहिल्या मुलाच्या आजाराचं नाव कळलं. उपाय नव्हता, पण आईबापांनी मग नळ्यांमध्ये न गुंतवता त्याला घरी नेलं. दुसऱ्याच्या अहवालात काहीच निघालं नाही. तिसरीचं नुसतं दूध बदललं आणि ती महिन्याभरात खिदळायला लागली. मोठे सर म्हणाले, योगायोग.

मग आला चौथा. नऊ दिवसांचा मुलगा.

त्याच्या आईबापांना सही करण्याआधी आजोबांना विचारायचं होतं. आजोबा दुसऱ्या दिवशी दुपारी आले. तोवर सकाळी मुलाचं रक्त फार कमी झालं म्हणून त्याला रक्ताची पिशवी चढवली गेली. दुपारी सही झाली आणि सही झाल्याबरोबर सिस्टरने नमुना घेतला. आधी कागद, मग सुई. तिच्या आयुष्यभराच्या शिस्तीत तसूभरही फरक नव्हता. फक्त एवढंच, की आता त्या बाळाच्या अंगात निम्मं रक्त दुसऱ्याच कुणाचं तरी होतं. पाच दिवसांनी लॅबने कळवलं, की नमुन्यात दोन माणसं दिसतात, काही वाचता येत नाही. नव्या नमुन्यासाठी चढवलेलं रक्त ओसरेपर्यंत थांबावं लागेल. गालाच्या आतून काडीने घेतलेला नमुना त्या घाईच्या तपासणीला पुरत नव्हता. बाळ तेवढं थांबलं नाही. सोळाव्या दिवशी गेलं.

अहवाल आला असता तर ते वाचलं असतं का, हे कुणालाच सांगता येणार नव्हतं.

रुग्णालयात चर्चा सुरू झाली. कुणी म्हणालं लॅबने घोळ घातला, कुणी म्हणालं धाकट्या डॉक्टरांना प्रसिद्धी हवी होती. अधीक्षकांनी तपासणी थांबवली. चौकशी होईपर्यंत एकही नमुना जाणार नाही. धाकट्या डॉक्टर जेवायला एकट्याच बसायला लागल्या. सिस्टरचं नाव कुणीच घेतलं नाही, कारण कागदावर तिचं सगळं बरोबर होतं.

तिनेच ते दोन कागद शेजारी ठेवले. पिशवी लावली, सकाळी नऊ चाळीस. नमुना घेतला, दुपारी तीन दहा. दोन्हीखाली तिचीच सही. पिशवीही तिनेच लावली होती आणि नमुनाही तिनेच घेतला होता, आणि अकरा पानी अर्जाच्या सातव्या पानावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, की रक्त चढवण्याआधी नमुना घ्यावा. सह्या घ्यायच्या नादात तिने ते पान उलटलं होतं, वाचलं नव्हतं.

घरी येऊन ती नवऱ्याला म्हणाली, मी लिहून देणार आहे. नवरा टपालखात्यातून निवृत्त झालेला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चिठ्ठ्या पोचवल्या, पण स्वतःहून अडचणीत टाकणारी चिठ्ठी कधी लिहिली नाही, असं तो स्वतःच म्हणायचा. त्याने पेपर बाजूला ठेवला.

“अगं, तुझी चूक कुणाला सापडलेली नाही. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. मग कशाला?”

“सापडलेली नाही म्हणूनच,” ती म्हणाली. “अहो, मी गप्प राहिले तर सगळे म्हणणार तपासणीच खोटी. तपासणी खोटी नव्हती. मी उशीर केला.”

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग तिला कोरा कागद आणि चांगलं पेन आणून दिलं. तेवढाच त्याचा होकार.

एक पान झालं. कोणत्या वेळी काय केलं आणि कुठे चुकलं, सगळं. खाली नाव, हुद्दा, तारीख. अधीक्षकांनी ते वाचलं, खणात टाकलं आणि म्हणाले, बघू. पुढे तीन आठवडे ते काही बघत नव्हते.

एका सोमवारी अकराच्या सुमाराला पाच महिन्यांची मुलगी आली. तापात आकडी आली होती आणि ती थांबतच नव्हती. एक हात, मग तोंडाचा कोपरा, मग सगळं अंग. पांढरीफटक पडलेली. मोठ्या सरांनी आल्या आल्या श्वासाची नळी घातली, यंत्र लावलं, आकडीचं औषध सुरू केलं. त्या माणसाचे हात बघावेत तर अशा वेळी. हिमोग्लोबिन आलं पाच. सर म्हणाले, रक्त मागवा, लगेच.

रक्त मागवायचं तर गट जुळवायला मुलीचं थोडं रक्त लागतं. सिस्टरने सुई घातली, रक्तपेढीची नळी भरली, आणि त्याच सुईवर जांभळ्या झाकणाची आणखी एक छोटी नळी लावली. चमच्याच्या चौथ्या हिश्श्याएवढं रक्त. नळीवर चिकटपट्टी लावून तिने लिहिलं: तारीख, अकरा पन्नास, पिशवीच्या आधी.

निवासी डॉक्टर शेजारी उभा होता. पोरगा बिचारा दोन दिवस घरी गेला नव्हता. तो हळूच म्हणाला, “सिस्टर, ते बंद केलंय ना? आणि सही कुठाय?”

“तपासणी बंद आहे,” सिस्टर म्हणाली. “फ्रीज बंद नाही.”

तिने नळी आत ठेवली, रबर लावलं आणि रजिस्टरमध्ये स्वतःच्या हाताने नोंद केली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा तिने सुई आधी आणि सही नंतर, असं केलं होतं.

तिथून ती थेट काचेपलीकडे बाकावर गेली. मुलीची आई बिस्किटांच्या कारखान्यात पुडे भरायची. कामावरचीच टोपी डोक्यावर तशीच राहिली होती. बाप लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, तो दोन दिवसांच्या वाटेवर होता. बाकाच्या दुसऱ्या टोकाला सासूबाई, मध्ये तिघं बसतील एवढी जागा सोडून.

सिस्टरने सरळ सांगितलं, की तुमच्या मुलीच्या रक्ताची एक नळी मी तुम्हाला न विचारता बाजूला ठेवली आहे. वेगळी सुई टोचलेली नाही. ती कशासाठी आहे ते आता सांगते. तुम्ही नको म्हणालात तर तुमच्यासमोर बेसिनमध्ये ओतून टाकीन आणि तुमची माफी मागीन. मग तिने तपासणी समजावली. अकरा पानं नाहीत, अकरा वाक्यांत. आधीच्या मुलाच्या वेळी काय चुकलं तेही लपवलं नाही.

सासूबाई म्हणाल्या, आमच्यात कुणाला असलं काही नाही. हे त्यांनी पहिल्या आकडीपासून दहाव्यांदा म्हटलं असेल.

आईने तिकडे पाहिलं नाही. तिने सिस्टरला विचारलं, “यात कळेल, कुणामुळे झालं ते?”

“कळेलच असं नाही सांगत. पण विचारता येईल.”

“मग ओतू नका,” आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी अधीक्षकांनी सगळ्यांना बोलावलं. मोठे सर, धाकट्या डॉक्टर आणि सिस्टर. समोर रजिस्टर उघडून ठेवलेलं. अधीक्षक आवाज चढवणाऱ्यांतले नव्हते. ते एकेक शब्द टेबलावर मांडत. संमती नसताना रक्त घेतलं, थांबवलेल्या कामासाठी घेतलं, आणि वर नोंदही केली. त्यांना सगळ्यात जास्त नोंद टोचली होती.

सिस्टर बसली नाही. ती म्हणाली, “साहेब, सुई रक्तगटासाठी टोचलीच होती. नळी फ्रीजमध्ये आहे, यंत्रात गेलेली नाही. आईला तासाभरात सांगितलं. तिने सही केली आहे.”

“पण हे नियमात नाही.”

“मग नियमात घ्या. एकतीस वर्षं मी नियम पाळला. नियम पाळूनच त्या नऊ दिवसांच्या मुलाचं रक्त वाया घालवलं. हे मी तुम्हाला लिहून दिलंय, ते तुमच्या डाव्या खणात आहे. सही यायची तेव्हा येते, साहेब. पिशवी तिच्यासाठी थांबत नाही आणि थांबूही नये. म्हणून नळी आधी.”

अधीक्षकांचा हात नकळत डाव्या खणाकडे गेला आणि परत आला.

मोठे सर म्हणाले, “मला या मुलीसाठी त्या तपासणीची गरज नाही. आकडीचं औषध चालू आहे, मी मात्रा वाढवतोय. अहवाल आला म्हणून माझे उपचार बदलणार नाहीत.”

“नका बदलू, सर,” सिस्टर म्हणाली. “पण येऊ तर द्या.”

धाकट्या डॉक्टर तेव्हा पहिल्यांदा बोलल्या. त्यांनी एवढंच सांगितलं, की दहापैकी सहा तपासण्या बाकी आहेत आणि लॅब अजून घ्यायला तयार आहे. अधीक्षकांनी बराच वेळ पेन फिरवलं. शेवटी म्हणाले, ही एक जाऊ द्या. पण या वेळी घोळ झाला तर विषय कायमचा संपला. पुढच्या कुणा मुलासाठी माझ्याकडे यायचं नाही. आणि जबाबदारी सिस्टरची, लेखी.

“लेखीच देते. तोंडी मला कधी जमलं नाही.”

मोठे सरसुद्धा हसले. आणि सही झाली.

आता बापाचं रक्त हवं होतं. तो बुधवारी सकाळी आला. ट्रक रुग्णालयासमोर आडवा लावलेला, मागे गाड्यांची रांग, पहारेकरी ओरडतोय आणि हा जिना चढतोय. नव्वद किलोचा माणूस, दरवाजातून आडवा यावा असा. सुई पाहिली आणि खुर्चीतून सरळ खाली घसरला. दोन नर्सांनी आणि बायकोने मिळून त्याला उचललं. शुद्धीवर आल्यावर म्हणाला, माझ्या मुलीला तीन दिवस टोचताहेत आणि मी एका टोचणीत पडलो, कुणाला सांगू नका. बायको म्हणाली, तुमच्या ट्रकमागची सगळी रांग खिडकीतून बघत होती. तिसऱ्या दिवशी बाकावर पहिल्यांदा कुणी हसलं. त्याच दुपारी तिन्ही नळ्या गेल्या.

मग पाच दिवस. मुलीची आकडी औषधाला दाद देत नव्हती. मोठे सर मात्रा वाढवत होते. दिवसातून तीनदा तेच औषध. सिस्टरने एक कागद करून खाटेला लावला. आकडी कधी आली, किती मिनिटं, औषध कधी दिलं. चार दिवसांत कागद भरला. तिला त्यात काहीतरी खटकत होतं. औषध दिल्यावर पुढच्या दोन तासांत आकडी कमी व्हायला हवी, तर ती लांबत होती. तिने ते सरांना दाखवलं. सर चिडले नाहीत, पण म्हणाले, आकडी जास्त आहे म्हणून औषध जास्त आहे, सिस्टर. तुम्ही उलटीकडून वाचताय. ते खोटंही वाटत नव्हतं. पण तिने कागद काढला नाही. दुसरा लावला.

सोमवारी दुपारी साडेतीनला धाकट्या डॉक्टर आल्या. त्या धावत नव्हत्या, पण न धावण्याचा खूप प्रयत्न करत होत्या. अहवाल स्वच्छ होता. एकच माणूस, एकच मूल. मेंदूतल्या पेशींना मिठाची ये-जा करू देणारी बारीक दारं असतात. ती दारं घडवणाऱ्या मजकुरातलं एक अक्षर मुलीत चुकलं होतं, त्यामुळे मेंदू शांत ठेवणाऱ्या पेशींतली दारं आधीच अपुरी होती. आणि मोठे सर देत होते ते औषध नेमकी तीच दारं आणखी बंद करतं. दुसऱ्या बहुतेकांना ज्याने आराम पडतो, तेच हिच्या आकड्यांना खतपाणी घालत होतं.

चारचा डोस भरलेला होता. सिरिंज ट्रेमध्ये, ट्रे सिस्टरच्या हातात.

निवासी डॉक्टर गडबडला. सर बाहेरचे रुग्ण तपासत होते, आणि त्यांची ऑर्डर तर स्पष्ट होती. सिस्टरने ट्रे कपाटावर ठेवला आणि त्याला सांगितलं, सरांना बोलाव. चार वाजले. चार वाजून पाच मिनिटं झाली. ज्या बाईने एकतीस वर्षांत एक डोस दोन मिनिटं इकडेतिकडे होऊ दिला नव्हता, ती खाटेशी हात बांधून उभी होती.

मोठे सर आले. उभ्याउभ्या अहवाल वाचला. मग पहिल्या पानापासून पुन्हा.

“एका कागदावर विसंबून चालू औषध तोडू?” ते धाकट्या डॉक्टरांना म्हणाले. “उद्या हिचं काही झालं तर?”

उत्तर सिस्टरने दिलं. “तर माझं नाव लिहा, सर. पण हे वाचल्यावर ती सुई माझ्या हातून जाणार नाही. तुम्हाला द्यायचा असेल तर डोस तिथे भरून ठेवलाय. तुमच्या हाताने द्या, आणि अहवाल वाचून दिला असं लिहा.”

सरांशी असं कुणी बोललं नव्हतं, आणि तिने तर नाहीच नाही. देवाची शपथ, तिला त्यांचा अपमान करायचा नव्हता. या माणसाने तिच्या डोळ्यांदेखत शेकडो मुलं परत आणली होती. म्हणूनच ती सिरिंज त्यांच्या हातूनही जाऊ नये असं तिला वाटत होतं.

सरांनी सिरिंजकडे पाहिलं. मग म्हणाले, “तुमचा तो कागद कुठाय?”

तिने दोन्ही कागद काढून दिले. ते खाटेच्या कडेवर बसले, जे ते कधीच करत नसत, आणि बोट फिरवत एकेक ओळ वाचत गेले. पुष्कळ वेळ. मुलीचा डावा हात मध्येच झटके देत होता. शेवटी त्यांनी औषधांचा तक्ता मागितला, स्वतःच्या हस्ताक्षरातल्या ऑर्डरवर आडवी रेघ मारली, खाली दुसरं औषध लिहिलं, आणि कारणाच्या रकान्यात एक शब्द लिहिला: अहवाल.

जाताना ते धाकट्या डॉक्टरांना म्हणाले, उद्यापासून जेवायला एकट्या बसू नका, मला यातलं काही समजावून सांगायचंय तुम्हाला. म्हणजे, तुम्ही मला. दोन्ही वाक्यं त्यांनी भिंतीकडे बघूनच म्हटली.

आकड्या एकदम थांबल्या नाहीत. दिवसाला चौदा होत्या, तिसऱ्या दिवशी सहा, सहाव्या दिवशी दोन. श्वासाची नळी निघाली. सिस्टरने आईला गोड गोड काही सांगितलं नाही. हा आजार जाणारा नाही. ताप आला की जपावं लागेल, शाळेत मागे पडेल कदाचित, काही औषधं तिला जन्मात द्यायची नाहीत. ती नावं एका पुठ्ठ्यावर ठळक लिहून दिली. कुठल्याही दवाखान्यात गेलात तर आधी हे दाखवा, डॉक्टर कितीही मोठा असला तरी.

आईने एक विनंती केली. अहवालातलं ते वाक्य सासूबाईंसमोर वाचा. सिस्टरने बाकावर बसून वाचलं. हा बदल आईच्या रक्तात नाही. बापाच्याही रक्तात नाही. तो या मुलीतच नव्याने झाला आहे.

सासूबाईंनी विचारलं, बापाच्याही नाही? नक्की? पुन्हा वाचा. सिस्टरने पुन्हा वाचलं. तेव्हा कळलं, की त्यांचा धाकटा भाऊ लहानपणी आकडीनेच गेला होता आणि ही गोष्ट त्यांनी सासरी चाळीस वर्षं कुणाला कळू दिली नव्हती. सुनेने पिशव्या उचलल्या आणि मधली तिघांची जागा ओलांडून ती सासूबाईंच्या शेजारी येऊन बसली. माफ केलं असं नव्हे. तसा तिचा चेहरा मुळीच नव्हता. पण उठून दूर बसायची पाळी आता आपली नाही, असं मात्र त्यावर लिहिलेलं होतं.

पुढच्या महिन्यात अधीक्षकांनी सिस्टरला बोलावलं. या वेळी बसायला सांगितलं, चहाही आला. उरलेल्या पाच तपासण्या सुरू झाल्याच होत्या. आता दहाच्या पन्नास करायचं चाललं होतं. बाहेरून पाहणी करणारी मंडळी फाईल बघायला येणार होती. ‘पिशवीच्या आधी नळी, संमती नसेल तर नमुना नष्ट’ हे विभागाच्या नियमांत छापून आलं होतं. अधीक्षक खूश होते. फक्त एक बारीकसं काम होतं. त्यांनी डाव्या खणातून ते एक पान काढलं आणि तिच्यापुढे सरकवलं.

“हे तुम्ही परत घ्या, सिस्टर. आता याची गरज नाही. पाहणीत उगाच प्रश्न येतील. तुमच्यासाठीही बरं दिसणार नाही.”

तिने पान उचललं. नवऱ्याच्या चांगल्या पेनाची शाई, तिचं सरळ वळणाचं अक्षर. नऊ चाळीस आणि तीन दहा. तिने ते घडी न करता त्यांच्या समोरच्या फाईलमध्ये, छापलेल्या नियमाच्या लगेच खाली घातलं आणि दोरी बांधली.

“नियम राहणार आणि तो का केला ते जाणार, असं कसं चालेल, साहेब? पाच वर्षांनी एखादी नवी मुलगी म्हणेल, आधी सही, मग सुई, हेच बरोबर. माझ्यासारखीच शिस्तीची असेल ती. तिला कोण सांगणार? मी तर नसेन.”

“आणि तुमच्यावर कारवाई झाली तर?”

“होऊ दे. मी तेही लिहून घेईन,” ती म्हणाली, आणि चहा तसाच ठेवून उठली. खाट पाचवर नवं मूल यायचं होतं.